सिनेमातलं पात्र अंगावर: हॅलोविनचा पोशाख घरी कसा बांधायचा

३१ ऑक्टोबरच्या रात्री, म्हणजे भुताखेतांच्या वेशात फिरायच्या हॅलोविनला, तुमचा पोशाख कोणी स्टुडिओच्या झगझगीत दिव्यांत बघणार नाही. लोक तो बघणार अंधारात, रस्त्यावरच्या नाहीतर दारातल्या दिव्याखाली, दहा-पंधरा पावलांवरून आणि तुम्ही चालत असताना. सिनेमातल्या नटाला एका दृश्यापुरतं उभं राहायचं असतं, दोन दृश्यांच्या मध्ये मदतनीस येऊन त्याचं शिरस्त्राण उतरवतात. तुम्हाला तोच पोशाख तीन-चार तास अंगावर वागवायचा आहे, जिने चढायचे आहेत, पाणी प्यायचं आहे, स्वच्छतागृहात जायचं आहे. पहिल्यांदा पोशाख करणारे इथेच फसतात. छातीवरच्या बारीक नक्षीत तीन आठवडे घालवतात आणि आदल्या रात्री कळतं की हात डोक्यापर्यंत जात नाही. या लेखात क्रम असा ठेवला आहे की आधी आकार जमेल, मग हालचाल, आणि नक्षीकाम सर्वांत शेवटी.

मुख्य उदाहरण फोमच्या चिलखताचं घेतलं आहे. अंतराळवीर, यंत्रमानव, योद्धे, राक्षस, बहुतेक सगळी मोठी पात्रं याच पद्धतीने बनतात.

१. आधी पात्राची सावली तपासा

आवडत्या पात्राचं पूर्ण उंचीचं चित्र घ्या आणि फोनमधल्या कुठल्याही साध्या अ‍ॅपवर ते पूर्ण काळं करा. उरलेल्या काळ्या आकृतीवरून एखाद्या मित्राला पात्र ओळखता आलं, तर ते अंधारातही ओळखू येईल. नाही आलं, तर ते पात्र रंगावर किंवा चेहऱ्याच्या बारकाव्यांवर अवलंबून आहे, म्हणजे तुमची बरीच मेहनत रात्री दिसणारच नाही. नवख्याने पहिल्या वर्षी ठळक सावलीचं पात्र घ्यावं: रुंद खांदे, शिंगं, टोकदार टोपी, लांब झगा, पाठीवर मोठं यंत्र.

मग त्या पात्राच्या तीन खुणा कागदावर लिहा, ज्यांच्याशिवाय ते पात्र ते पात्रच राहणार नाही. वेळेचा मोठा वाटा या तिघांना द्यायचा. बाकीचं सगळं ढोबळ चालतं.

खुणा पकडल्या की सामान किती साधं चालतं याचं या विषयातलं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे १९७८ सालच्या 'हॅलोविन' या चित्रपटातला खुन्याचा मुखवटा. तो बाजारात तयार मिळणारा, 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्कच्या चेहऱ्याचा रबरी मुखवटा होता. त्याच्या भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले आणि चेहऱ्यावर पांढरा फवारा मारला. भावनाशून्य पांढरा चेहरा आणि काळे खड्डे एवढ्यावर सगळं भागलं.

चित्रं जमवताना समोरून, बाजूने आणि पाठीमागून अशी निदान तीन तरी हवीत. पाठीमागचं चित्र लोक हमखास विसरतात. कॅमेरा खालून लावलेलं चित्र मापासाठी घेऊ नका. त्यात पाय मोठे आणि डोकं लहान दिसतं.

२. वेळेचा हिशोब

आठवड्यातून आठ-दहा तास देता येत असतील तर पूर्ण चिलखताला आठ आठवडे धरा, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात. पहिले दोन आठवडे चित्रं, मापं आणि पॅटर्न. पुढचे तीन कापणं आणि चिकटवणं. सहावा आठवडा पट्ट्या, बक्कल, आतलं अस्तर. सातवा रंग, आठवा दिवे आणि चाचणी. २४ ऑक्टोबरनंतर नवीन काही सुरू करायचं नाही, फक्त दुरुस्ती. रंगाला आणि गोंदाला वाळायला लागणारा वेळ तुमच्या घाईने कमी होत नाही. ओलसर हवेत तर तो वाढतोच.

वेळ दोनच आठवडे असेल तर पूर्ण चिलखत सोडून द्या. शिरस्त्राण, खांदे आणि हातमोजे एवढंच नीट करा आणि बाकीचं काळ्या कपड्यावर सोडा. अर्धवट रंगवलेल्या पूर्ण पोशाखापेक्षा हे कितीतरी चांगलं दिसतं.

३. सामान आणि हत्यारं

एका प्रौढ माणसाच्या पूर्ण चिलखतासाठी साधारण एवढं लागतं:

- ईव्हीए फोम, १० मिमी जाड: ६० बाय ६० सेंमीच्या दहा-बारा चटया. व्यायामाच्या जागी जमिनीवर एकमेकींत अडकवून अंथरतात त्याच.
- ईव्हीए फोम, ५ किंवा ६ मिमी: दोन-तीन चौरस मीटर, शिरस्त्राण आणि हातांसाठी.
- ईव्हीए फोम, २ मिमी: एक लहान गुंडाळी, वरच्या पट्ट्या आणि नक्षीसाठी.
- काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह, म्हणजे चपला-बूट चिकटवतात तो पिवळसर गोंद: एक लिटर.
- हीट गन, म्हणजे खूप गरम हवेचा झोत सोडणारं हातातलं यंत्र. केस वाळवायचं यंत्र पुरत नाही, ते फोम मऊ होण्याइतकं तापत नाही.
- पाती मोडून नवी धार काढता येते असा कटर आणि भरपूर जादा पाती.
- डक्ट टेप (जाड कापडी चिकटपट्टी), क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लॅस्टिक), जाड कागद, मार्कर, लोखंडी पट्टी.
- २५ मिमी रुंद नायलॉनची पट्टी सहा मीटर, तेवढ्याच रुंदीचं इलॅस्टिक तीन मीटर, बाजूने दाबून उघडणारी बक्कलं आठ-दहा, ५० मिमी रुंद वेल्क्रो दोन मीटर.
- पॉलिश पेपर १२० आणि २४० नंबरचा, भेगा भरायला लवचिक अ‍ॅक्रिलिक भरण.
- लवचिक सीलर (रंगाआधी फोमवर मारायचा रबरी फवारा), अ‍ॅक्रिलिक रंग, मॅट वॉर्निश.
- सेंद्रिय वाफा शोषणारी काडतुसं लावलेला श्वसनमुखवटा, घासकामासाठी धुळीचा गाळणी-मुखवटा, डोळ्यांना चष्मा.

शेवटची ओळ वगळून पैसे वाचवायचा विचार मनात आणू नका. गोंदाच्या वाफांनी डोकं गरगरतं. धुळीचा साधा मुखवटा फक्त कण अडवतो, वाफ त्यातून सरळ आत जाते. खिडक्या उघड्या हव्यात, आणि गोंदाच्या उघड्या डब्याजवळ हीट गन कधीही चालू करायची नाही. त्या वाफा पेट घेतात.

४. मापं आणि पॅटर्न

आधी प्रमाण काढा. चित्रात पात्राची उंची २० सेंमी आणि तुमची उंची १७० सेंमी असेल, तर चित्रातला १ सेंमी म्हणजे तुमच्या अंगावरचे ८.५ सेंमी. चित्रात खांद्याचं कवच २ सेंमी रुंद असेल तर तुमचं १७ सेंमी हवं. शिरस्त्राणाला मात्र हा हिशोब लावू नका, कारण तुमचं डोकं आत मावलंच पाहिजे. शिरस्त्राण चित्रापेक्षा मोठं होणार हे धरून चाला आणि खांदे त्याच प्रमाणात थोडे रुंद करा, म्हणजे डोकं भोपळ्यासारखं दिसत नाही.

आता अंगाचा साचा. जे कपडे चिलखताखाली घालणार आहात तेच घाला. ऑक्टोबरअखेरची रात्र गार असेल तर गरम बनियनसुद्धा आत्ताच घालायचं, नाहीतर आयत्या वेळी चिलखत बंद होत नाही. त्यावर क्लिंग फिल्म सैलसर गुंडाळा आणि तिच्यावर डक्ट टेपचे दोन थर आडवे-उभे लावा. हे काम दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावं लागतं. छातीवर टेप लावताना श्वास भरून घ्या. श्वास सोडलेल्या मापावर केलेलं छातीचं कवच तासाभरात जीव नकोसा करतं. मानेला टेप लावायची नाही.

टेपवर मार्करने चिलखताच्या रेषा काढा: कवच कुठे सुरू होतं, कुठे संपतं, छातीची मधली रेष, दोन्ही बगलांतल्या रेषा. प्रत्येक तुकड्यावर नाव, वरच्या दिशेचा बाण आणि डावा-उजवा लिहा. रेषांना आडव्या जातील अशा छोट्या खुणा दर ५ सेंमीवर करा. चिकटवताना दोन तुकडे जुळवायला याच खुणा उपयोगी पडतात. मग पाठीवरून गोल टोकाच्या कात्रीने साचा कापून काढा आणि रेषांवर तुकडे करा. तुकडा टेबलावर सपाट बसत नसेल तर फुगवट्याच्या टोकाकडे एक चीर द्या, ती त्रिकोणासारखी उघडते. ब्लाउजला शिंपी टक्स घालतो त्याचाच हा प्रकार. उघडलेला त्रिकोण पॅटर्नमध्ये तसाच ठेवायचा, भरायचा नाही.

सगळ्यात जास्त वाया जाणारा फोम पुढच्या एका चुकीमुळे जातो. साच्याचं माप हे अंगाचं माप आहे, आणि फोमला जाडी आहे. गोल वळवल्यावर आतली बाजू दबते आणि माप आखडतं. म्हणून दंड, मांडी, छाती, डोकं अशा गोल फिरणाऱ्या प्रत्येक तुकड्याच्या घेरात फोमच्या जाडीच्या सहापट भर घाला: १० मिमीच्या फोमला सुमारे ६ सेंमी, ५ मिमीच्या फोमला ३ सेंमी. यातली अर्धी भर फोमच्या वळणात जाते, अर्धी आतल्या कपड्यांना आणि हालचालीला उरते. ही भर एकाच कडेला न देता सगळ्या तुकड्यांत वाटून द्या, नाहीतर मधली रेष सरकते.

पॅटर्न झाला की थेट फोम कापू नका. पातळ पुठ्ठ्यावर कापा, चिकटपट्टीने जोडा, घाला आणि आरशासमोर उभे राहा. खुर्चीवर बसा, हात वर करा, वाकून बुटाची नाडी बांधून बघा. कोपर, गुडघा, कंबर आणि बगल इथे दोन कवचांमध्ये ३ ते ४ सेंमीची फट लागतेच. चित्रात ती दिसत नसेल तर सिनेमात तिथे काळं कापड आहे असं समजा, आणि बहुतेकदा ते असतंच.

५. कापणं, तापवणं, चिकटवणं

पातं नवं हवं. बोथट पातं फोम कापत नाही, ओरबाडतं, आणि ती दातेरी कड नंतर कितीही घासली तरी सांध्यात दिसते. दर सात-आठ लांब कापांनंतर पातं मोडा. १० मिमीचा फोम एका दमात कापू नका. पहिल्या फेरीत अर्धी खोली, दुसऱ्या फेरीत पूर्ण. पातं चटईला काटकोनात धरा. जिथे दोन तुकडे कोन करून भेटतात, उदाहरणार्थ छातीची मधली कड, तिथे दोन्ही कडा ४५ अंशांत तिरक्या कापा. उजवा-डावा तुकडा काढताना पॅटर्न उलटा ठेवायला विसरू नका. दोन उजवे खांदे झालेले लोक दरवर्षी भेटतात.

चटईची जाळीदार बाजू आत आणि गुळगुळीत बाजू बाहेर.

प्रत्येक तुकडा कापल्यावर हीट गन १० ते १५ सेंमीवरून सतत फिरवत तापवा. पृष्ठभागावर अगदी हलकी चमक येते. तेवढंच हवं. त्या क्षणी वरची बारीक छिद्रं मिटतात, पुढे रंग कमी लागतो, आणि फोम आकार घ्यायला तयार होतो. गरम असतानाच गुडघ्यावर, बाटलीवर किंवा वाडग्यावर दाबून वळवा आणि थंड होईपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण मिनिट, धरून ठेवा. लवकर सोडलात तर परत सपाट होतो. हीट गन एका जागी थांबली तर फुगे येतात, पृष्ठभाग करपतो, आणि तो तुकडा गेला. हातमोजे घाला.

चिलखतावर खोल रेषा हव्या असतील तर तापवण्याआधी कटरने अर्ध्या खोलीपर्यंत चीर द्या. गरम हवा लागली की चीर आपोआप उघडते आणि स्वच्छ खाच तयार होते. दोन वेगळे तुकडे जोडल्याचा भास होतो, आणि एवढ्या कमी कष्टात इतका परिणाम देणारं दुसरं काही या कामात नाही.

काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्हचं बहुतेक अपयश घाईतून येतं. दोन्ही कडांना पातळ थर लावा. कापलेली कड सच्छिद्र असते, ती पहिला थर पिऊन टाकते, म्हणून पाच मिनिटांनी दुसरा. मग १० ते १५ मिनिटं थांबा. बोटाचं पेर हलकेच टेकवून बघा: चिकट लागलं पण तार निघाली नाही, की वेळ झाली. ओल्या गोंदावर जोडलेला सांधा दुसऱ्या दिवशी उघडतो, कारण आत अडकलेल्या द्रावकाला बाहेर जायला वाट नसते. हा गोंद टेकताक्षणी धरतो, सरकवून जुळवता येत नाही. म्हणून लांब सांध्याची आधी दोन्ही टोकं जुळवा, मग मध्य, मग उरलेल्या भागांचे मध्य, पॅटर्नवरच्या खुणा बघत. एका टोकाकडून सुरुवात केलीत तर शेवटी अर्धा इंच फोम हमखास उरतो.

ग्लू गन पटकन काम करते म्हणून मोह होतो. ती आतल्या लहानसहान कामांपुरती ठेवा. तिचा गोंद थंडीत कडक होऊन सुटतो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मऊ पडतो. हॅलोविनच्या दिवशी दोन्ही प्रसंग येऊ शकतात.

भेगा लवचिक अ‍ॅक्रिलिक भरणाने भरा, ओलं बोट फिरवून सपाट करा, एक दिवस वाळू द्या. भिंतीची कडक पुट्टी फोमवर तडकते.

शिंगं, मोठी चोच, पाठीवरचा कुबड असे प्रचंड आकार थर्माकोलमध्ये कोरले तर वजन वाचतं. मात्र हाच गोंद आणि बहुतेक फवाऱ्याचे रंग थर्माकोल विरघळवतात. त्यावर आधी पांढऱ्या पीव्हीए डिंकात बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे तीन थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळवून. ओल्यावर ओला थर चढवला तर आत बुरशी धरते.

६. शिरस्त्राण: नजर, हवा, आवाज

शिरस्त्राण ५ किंवा ६ मिमीच्या फोमचं करा. १० मिमीचं डोकं जड होतं आणि मान दुखते. आत कपाळ, दोन्ही कानशिलं, माथा आणि मागची बाजू अशा पाच ठिकाणी २० ते २५ मिमीच्या मऊ स्पंजच्या गाद्या वेल्क्रोवर लावा. त्या काढून-घालून नेमकं बसवता येतं, आणि गादी व फोम यांच्यामधून हवा खेळते. हनुवटीखाली पट्टी नसेल तर मान वळते पण शिरस्त्राण पुढेच बघत राहतं.

डोळ्यांच्या भोकांमागे काळ्या रंगाची बारीक धातूची जाळी किंवा विरळ विणीचं काळं कापड लावा. आत अंधार आणि बाहेर उजेड असला की बाहेरच्याला फक्त काळे डोळे दिसतात आणि तुम्हाला सगळं दिसतं. आत दिवा लावलात की हे उलटं होतं. चमकणारे डोळे हवे असतील तर दिवे भोकांच्या कडेने बाहेरच्या बाजूला बसवा आणि ते व तुमचे डोळे यांच्यामध्ये काळ्या फोमची आडभिंत घाला. रंगीत पारदर्शक काच दुपारच्या आरशात झकास दिसते. रात्री तिच्यातून पायरी दिसत नाही. आपली पावलं दिसायला हवीत, म्हणून नाकाखाली किंवा गालांच्या रेषेत एखादी काळी जाळीची फट लपवा.

गार रात्री काचेवर श्वासाचं धुकं धरतं. आतून भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसा, आणि मागे वरच्या बाजूला ४० मिमीचा ५ व्होल्टचा छोटा पंखा हवा बाहेर फेकेल असा बसवा. तोंडाजवळ हवा आत येण्याची वाट नसेल तर पंखा नुसताच गुरगुरतो. कानांसमोर बारीक भोकांची दोन-तीन ओळींची चाळण ठेवा. गाडीचा आवाज ऐकू आला पाहिजे.

लहान मुलासाठी करत असाल तर पूर्ण डोकं झाकणारं काही करू नका. कपाळावर बसणारं अर्धं शिरस्त्राण आणि रंगवलेला चेहरा, एवढंच.

७. पट्ट्या आणि बांधणी

खांद्यांचं वजन दंडावर नको, छातीच्या कवचावर टांगा. मांडीचं कवच घसरू नये म्हणून ते कमरेच्या पट्ट्याला नायलॉनच्या पट्टीने अडकवा. नुसतं इलॅस्टिक घट्ट केलं तर पाय सुन्न होतो. जिथे हालचाल आहे तिथे इलॅस्टिक, जिथे वजन आहे तिथे नायलॉन, हा नियम सगळीकडे लावा. पट्टी थेट फोमला चिकटवली तर ओढ लागून फोमचाच लचका निघतो. पट्टीच्या टोकावर ५ बाय ८ सेंमीचा फोमचा तुकडा चिकटवून ते टोक दोन थरांत दाबून घ्या.

पोशाख एकट्याने पाच मिनिटांत कमरेखालून मोकळा करता आला पाहिजे. बक्कलं म्हणूनच पुढे किंवा बगलेत हवीत, पाठीवर नको.

८. सीलर आणि रंग

फोमला थेट रंग लावला तर तो शोषला जातो आणि वाकवल्यावर तडे जातात. लवचिक रबरी फवाऱ्याचे तीन-चार पातळ थर द्या, प्रत्येक थरामध्ये अर्धा तास. फवारा नसेल तर पीव्हीए डिंक: पहिला थर निम्मं पाणी घालून, पुढचे तीन-चार थर दाटसर. डिंक पावसात पांढरा पडून मऊ होतो, तेव्हा त्यावर वॉर्निश चुकवू नका.

धातूचा रंग थेट चंदेरी मारला की खेळण्यासारखा दिसतो. आधी सगळीकडे काळा. मग चंदेरी किंवा तांब्याचा रंग ब्रशवर घेऊन ब्रश कापडावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि उंचवट्यांवरून हलक्या हाताने फिरवा. खाचा काळ्या राहतात, कडा चमकतात. शेवटी काळा आणि तपकिरी रंग चार-पाच पट पाण्यात पातळ करून हातभर जागेवर लावा आणि मिनिटभरात पुसून घ्या. खळग्यांत उरतो तो मळ.

झीज कुठे होते याचा विचार करून ओरखडे काढा. हात लागतो त्या कडा, गुडघे, कोपरं, तलवार म्यानातून निघते ती जागा. पाण्याचे ओघळ नेहमी खालीच येतात आणि चिखल घोट्यांजवळ असतो. सगळीकडे सारखे ओरखडे मारले तर ते रंगकाम वाटतं.

आणि हे सगळं दिवसा खोलीत पाहून संपवू नका. रात्री बाहेर एकाच दिव्याखाली पोशाख टांगून दहा पावलं मागे जा. मधल्या छटा तिथे एकमेकींत मिसळून जातात. उजळ कडा आणखी उजळ, खाचा आणखी काळ्या कराव्या लागतात. जवळून जरा भडक वाटेल. हॅलोविनला तेच योग्य आहे.

झगा किंवा फाटके कपडे असतील तर सुती कापड घ्या. पॉलिएस्टर चहाच्या पाण्यात किंवा घरगुती रंगात नीट रंग धरत नाही आणि ठिणगी लागली की वितळून अंगाला चिकटतं. कडा कात्रीने कापून न सोडता १२० नंबरच्या पॉलिश पेपरने झिजवा. घेर जमिनीपासून निदान ५ सेंमी वर ठेवा. पायऱ्यांवर भोपळ्यात मेणबत्त्या जळत असतात, हेही झग्याची लांबी ठरवताना डोक्यात असू द्या.

९. दिवे

दोन-तीन साधे दिवे पुरेसे असतील तर पेन्सिल सेलचा तीनचा डबा घ्या, ४.५ व्होल्ट मिळतात. पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीला सुमारे ३.१ व्होल्ट लागतात. उरलेले १.४ व्होल्ट अडवायला प्रत्येक एलईडीला स्वतंत्र १०० ओहमचा रेझिस्टर लावा, सुमारे १४ मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि दिवा रात्रभर टिकतो. ९ व्होल्टची बॅटरी वापरलीत तर ३३० ओहम. रेझिस्टर न लावता जोडलेला एलईडी काही क्षण फार छान चमकतो आणि जळतो.

जास्त उजेड हवा असेल तर यूएसबीवर चालणारी ५ व्होल्टची पट्टी आणि पॉवर बँक. पट्टी अर्धा अँपिअर घेत असेल तर १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक रूपांतरातली तूट धरूनही दहा तासांच्या वर चालते. दोन सापळे आहेत. एक, प्रवाह फारच कमी असेल तर अनेक पॉवर बँक काही वेळाने आपणहून बंद होतात, त्यामुळे एखाद-दुसऱ्या एलईडीला त्या चालत नाहीत. दोन, रंग बदलणाऱ्या पट्टीतला प्रत्येक दिवा पूर्ण पांढऱ्या उजेडात ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. ६० दिव्यांची मीटरभर पट्टी म्हणजे ३.६ अँपिअर. पॉवर बँक २ अँपिअरची असेल तर उजेड अर्ध्याखाली ठेवा किंवा दिवे कमी करा.

उघडे एलईडी ठिपक्यांसारखे दिसतात. त्यांच्यापुढे १० ते १५ मिमीवर दुधी प्लॅस्टिक किंवा २ मिमीचा पांढरा फोम ठेवला की उजेड पसरतो. सांध्यांवरून जाणाऱ्या वायरला हाताच्या पूर्ण हालचालीपुरती ढील द्या आणि डाग दिलेल्या प्रत्येक जोडाला आकसणारी नळी चढवा. हात, छाती आणि डोकं यांच्यामध्ये काढता-घालता येणारे जोड हवेत, नाहीतर शिरस्त्राण काढताना वायर तुटते. बटण हातमोज्याच्या आत किंवा पट्ट्यावर, जिथे न बघता बोट जातं तिथे.

पोशाख काळा असेल तर पाठीवर आणि पोटऱ्यांवर उजेड परावर्तित करणारी पट्टी लावा. काळी छटा असलेली पट्टी मिळते, ती गाडीच्या दिव्यातच चमकते आणि एरवी दिसत नाही.

१०. चेहरा

१९३१च्या 'फ्रँकेनस्टाइन'मधलं ते उंच कपाळ जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने कापूस आणि कलोडियन (वाळून पापुद्रा धरणारं द्रव) यांचे थर एकावर एक चढवून उभं केलं होतं. थरांची युक्ती आजही तीच आहे, फक्त सामान त्वचेला सोसेल असं घ्या: टिश्यू पेपर आणि त्वचेसाठीचं द्रव लॅटेक्स, म्हणजे पातळ रबर. पातळ थर, प्रत्येक थर वाळवून, चार-पाच थर. भुवया आणि केसांच्या कडेला आधी व्हॅसलिन, नाहीतर काढताना केस निघतात. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी अनेकांना असते. वापरायच्या २४ तास आधी हाताच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघा, चेहऱ्याच्या रंगांचीही तीच चाचणी. चेहऱ्याचा साचा घ्यायला प्लास्टर कधीही थेट वापरू नका. ते जमताना तापतं आणि भाजतं.

रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांकडून माप घेतल्याशिवाय घालू नयेत. अमेरिकेत नुसत्या शोभेच्या लेन्सही वैद्यकीय उपकरण मानल्या जातात आणि चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. चुकीच्या मापाची लेन्स बुबुळावर ओरखडा काढते.

११. चाचणी आणि दुरुस्तीची पिशवी

निदान पाच दिवस आधी पूर्ण पोशाख घालून सलग एक तास काढा. जिना चढा-उतरा, दारातून आडवे व्हा, गाडीत बसून बघा, स्ट्रॉने पाणी प्या. कुठे घासतंय तिथे आतून मऊ कापड लावा. कवच चढवण्याचा क्रम कागदावर लिहा. बहुतेक पोशाखांत तो पायांपासून वर जातो: बूट, नडगी, मांडी, कंबर, छाती, खांदे, हात, आणि डोकं शेवटी. हातमोजे घातल्यावर बक्कल लावता येत नाहीत, म्हणून सोबतच्या माणसालाही क्रम माहीत असू द्या.

पिशवीत ठेवायचं सामान: काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्हची लहान ट्यूब, काळी डक्ट टेप, सुरक्षा पिना, दोन जादा बक्कलं, वेल्क्रोचे तुकडे, भरलेले सेल, काळा मार्कर, सुती फडकं, पाणी. चंदेरी कवचाची कड उडाली की आतला फोम दिसतो. काळ्या मार्करची एक रेघ ते झाकून टाकते.

परत आल्यावर त्याच रात्री सेल काढा आणि आतली बाजू ओल्या फडक्याने पुसून वाळत ठेवा. शिरस्त्राणात कागदाचे बोळे भरा, छातीचं कवच रुंद हँगरला टांगा. फोम दाबून खोक्यात भरला तर महिन्याभरात त्याच घडीत बसतो. तसं झालंच तर हीट गन पुन्हा फिरवून आकार परत आणता येतो, पण आधी एखाद्या कोपऱ्यावर बघा, कारण गरम हवेने रंगाला फुगे येतात.